उभ्यानं

आईघर. आमच्या बोलीत मामावासी.
दवाखान्याच्या मागे, पत्र्याचं छप्पर, चार खाटा, एक चूल.
माहेर नव्हे हे,
भांडी आपापली घासायची, सरपण आपापलं आणायचं,
आणि रोज सकाळी येसिका नर्सपुढे
पोट उघडं टाकून उभं राहायचं.
"अजून आठवडा आहे," ती म्हणते.
तिच्या टेपला काय ठाऊक.
डोंगर उतरायला मला सहा तास लागले, पायी.
गाढवीही गाभण आमची, तिच्यावर कसं बसायचं?

गाठोड्यात मेंढीचं कातडं, जुनंच, ज्यावर नायदा रांगली.
गोठवून वाळवलेले काळे बटाटे.
चहाला मुन्याचा पाला.
सासूनं विणलेला पट्टा, चार बोटं रुंद,
बाळंत झाल्यावर कंबर आवळायला.
"हाडं उघडतात बाई, मिटवावी लागतात,"
म्हणत प्रिमितिवानं त्याची
तीनदा घडी घातली, तीनदा मोडली.
आणि दोर.
लामाच्या केसांचा, करडा नि काळा, विल्बरनं वळलेला.

"हा कशाला?" येसिकानं विचारलं.
मी लगेच काही सांगितलं नाही.

नायदाच्या वेळी मला आडवं केलं होतं.
लोखंडी टेबल, पाय वर अडकवलेले,
पातळ झगा, पाठीमागे उघडा,
खिडकीच्या काचेवर गोठलेलं दव.
सासू दाराबाहेर, हातात सूपचा डबा.
सूप निवलं, तरी तिला आत घेतलं नाही.
मी म्हणत होते, उठू द्या मला, बसू तरी द्या.
ते म्हणत होते, ढकल.
स्पॅनिशमध्ये. तेवढा एक शब्द
तेव्हापासून मला पाठ आहे.

आणि वार त्यांनी लाल पिशवीत टाकली.
कुठे गेली, कुणी सांगितलं नाही.
आमच्यात ती धुवून, गुंडाळून घराजवळ पुरतात.
नायदा रात्री झोपेत चालते.
सासू म्हणते, शोधते ती.
मी म्हणते, जंत झाले असतील.
पण उठून दाराला कडी लावते.

हे सगळं मी येसिकाला सांगितलं
तिसऱ्या दिवशी, बटाटे सोलता सोलता.
चोवीसची पोर, समुद्राकाठची, थंडीनं ओठ फुटलेले,
आमची बोली मोडकीतोडकी.
ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली,
"आणि रक्त थांबलं नाही तर?"
"तर तू आहेस ना."
ती बराच वेळ बोलली नाही.
मीही नाही.
माझी आत्या घरीच बाळंत झाली होती,
उभ्यानंच, आपल्याच कातड्यावर, आपल्याच माणसांत,
आणि रक्त थांबलं नाही.
खाली यायला तेव्हाही सहाच तास लागत.
म्हणून तर उतरले.

संध्याकाळी बाळंतखोलीत येसिका स्टुलावर चढली,
तुळईवरून दोर टाकला, गाठ मारली. चुकीची.
एर्मेलिंदानं एका हातानं पोट सावरत
ती सोडली, पुन्हा मारली.
मग येसिका, पांढऱ्या कोटासकट,
दोराला लोंबकळली.
पाय उचलून. एकदा. मग पुन्हा.
तुळई कुरकुरली, तिच्या केसांत माती पडली,
आणि आम्ही इतक्या हसलो
की लुसमिलाला तिथेच कळ आली.
खोटी निघाली ती. पण अर्धा तास
आम्ही तिला दोरापाशी उभं करून ठेवलं होतं,
जणू बस येणार आहे.

आज एर्मेलिंदाची खाट रिकामी.
दुपारी सुटली. मुलगी.
सासरा आला होता, वार मडक्यात घेऊन गेला,
कुणाकडे न बघता, छातीशी धरून.

मी चुलीपाशी.
कंबरेतून काहीतरी निघतं, पुढे येतं,
थांबतं, माघारी जातं.
मोजत नाही अजून.
येसिकाला उठवावं लागेल. दिवसभर उभी होती बिचारी.
हातातला बटाटा अर्धा सोललाय.
तेवढा पुरा करते.